सुटा चेंडू

फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या तरुणांच्या तोंडून एक वाक्य हटकून ऐकू येते. हाता-तोंडाशी आलेला गोल हुकतो, किंवा पास भलत्याच गड्याच्या पायाशी जातो, आणि हातातला कंट्रोलर गादीवर आपटीत खेळणारा ओरडतो, "अरे, मी दाबलं होतं!" म्हणजे हुकूम वेळेवर सुटला होता, कसूर झाली ती अंमलबजावणीत, असा त्याचा दावा असतो. सुटीत आमच्याकडे राहायला येणारा माझा भाचा हे वाक्य एकेका सामन्यात सात-आठ वेळा तरी उच्चारतो, पण त्याच्याच तोंडून कधीमधी, आवाज एकदम खाली येऊन, दुसरेही एक वाक्य बाहेर पडते: "छे, माझंच चुकलं." हे खेळ खऱ्या फुटबॉलच्या कितपत जवळ आले, या प्रश्नाची चर्चा गेली तीस-चाळीस वर्षे चालू आहे आणि तीत गवताच्या पात्यांपासून प्रेक्षकांच्या घोषापर्यंत नाना गोष्टींची मोजदाद झालेली आहे, परंतु माझ्या मते या दोन वाक्यांचा जमाखर्च मांडला तर जे हाती लागते, ते त्या साऱ्या मोजदादीपेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

खरेपणा म्हटला की लक्ष प्रथम जाते ते डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींकडे, आणि या बाबतीत अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने पहिल्यापासून मोठी दूरदृष्टी दाखविली. खेळाडूंची नावे, संघांचे गणवेश, स्पर्धांची बोधचिन्हे यांचे परवाने तिने एखाद्या मक्तेदाराप्रमाणे गोळा केले, त्यामुळे तिची 'फिफा' ही मालिका नावागावाने बहुतांशी अस्सल राहिली. तिची प्रतिस्पर्धी जपानची कोनामी. तिच्या 'प्रो एव्होल्यूशन सॉकर'मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ठिकाणी 'मॅन रेड' खेळे, लिव्हरपूलच्या ठिकाणी 'मर्सीसाइड रेड' खेळे, आणि पूर्वीच्या एका आवृत्तीत ब्राझीलचा रोबेर्तो कार्लोस 'रोबेर्तो लार्कोस' या बुरख्याखाली फ्री किक मारी. गंमत अशी की 2005 व 2006 साली निघालेल्या या मालिकेच्या पाचव्या आणि सहाव्या आवृत्त्यांनाच जाणकारांनी एकमुखाने खऱ्या फुटबॉलचा मान दिला. नावे खोटी, चाल खरी, अशी ती अवस्था होती. पुढे फासा उलटा पडला आणि 2019 साली युव्हेंटस हा संघ कोनामीकडे गेला, तेव्हा 'फिफा 20'मध्ये त्या संघाला 'पिएमोंते काल्चो' या टोपणनावाने दिवस काढावे लागले. तथापि त्यामुळे तो खेळ कमी खरा वाटू लागल्याची तक्रार निदान मी तरी कोणाकडून ऐकली नाही.

दृश्याला अजिबात महत्त्व नाही, असे मात्र समजू नये. कोनामीनेच 30 सप्टेंबर 2021 रोजी 'ईफुटबॉल 2022' नावाचा खेळ बाजारात आणला, त्यातील नामांकित खेळाडूंचे चेहरे इतके विद्रूप आणि हातपाय इतके वेडेवाकडे निघाले की सर्वत्र हसे होऊन कंपनीला जाहीर क्षमा मागावी लागली. चेहरा बिघडला की भ्रम तुटतो, हे खरे; परंतु चेहरा साधला म्हणून भ्रम निर्माण होतोच, असे नाही.

तो निर्माण होतो चेंडूमुळे. 1980-81च्या सुमारास अटारीच्या घरगुती यंत्रावर पेलेच्या नावाने जो खेळ निघाला, त्यात दोन्ही बाजूंना त्रिकोणात बांधलेले तीन तीन गडी आणि एकेक गोलरक्षक, एवढाच सरंजाम होता. आकृत्या अशा की त्यांना माणसे म्हणणे हा केवळ उपचार. पुढे 1984 साली जॉन रिटमन या इंग्रज प्रोग्रॅमरने 'मॅच डे' रचला, त्यात माणसे माणसांसारखी दिसू लागली. पण त्या काळच्या बहुतेक खेळांत चेंडू गड्याच्या पायाला डकवल्यासारखा असे, आणि त्याचे कारण मूळ हिशेबातच होते: गडी जेथे आहे त्याच्या बोटभर पुढे चेंडू काढावयाचा, असा यंत्राला शिरस्ता घालून दिलेला असे. सबब, चेंडू ताब्यात असेतोवर त्याला स्वतःचे अस्तित्वच नसे. गडी गर्रकन वळला की चेंडूही आज्ञाधारक सेवकासारखा वळे.

1989 साली डिनो डिनी याच्या 'किक ऑफ'ने हा शिरस्ता मोडला. त्याने चेंडूला स्वतःचा वेग आणि स्वतःची दिशा देऊन टाकली; धावता धावता गड्याचा पाय लागला की चेंडू थोडा पुढे सरके, गडी त्याला गाठी, पुन्हा पाय लागे, आणि मधल्या क्षणी खेळणाऱ्याने दिशा बदलली तर गडी एकीकडे व चेंडू दुसरीकडे अशी फारकत होई. वरून पाहिलेले मैदान आणि मुंग्यांएवढी माणसे असलेला हा खेळ प्रथम हाती घेणाऱ्याची अक्षरशः त्रेधा उडे, कारण चेंडू आपल्यापाशी राहावा यासाठीही काही कौशल्य लागते, ही गोष्ट त्याला पडद्याने तोवर कधी सांगितलीच नव्हती. अटारीच्या त्या त्रिकोणापासून आजच्या मैदानापर्यंतची सारी वाटचाल पाहता, या प्रांतात यापेक्षा मोठी सुधारणा झाली असे मला वाटत नाही. चेंडू सुटा झाला आणि त्याबरोबर चूक करण्याचा अधिकार माणसाकडे आला. तीनच वर्षांनी आलेल्या 'सेन्सिबल सॉकर'ने हा कडवटपणा बराच सौम्य केला, चेंडू पुन्हा पायाशी ओढून आणला, आणि लाथ बसल्यानंतरही हवेतल्या चेंडूला बाक देण्याची मुभा खेळणाऱ्याला दिली. सृष्टिनियमांच्या दृष्टीने ही शुद्ध लबाडी होती. पण ती इतकी गोड होती की त्या खेळाचे भक्त अद्यापि तिचे समर्थन करतात, आणि मीही ते फारसे मनावर घेत नाही.

1993च्या अखेरीस आलेल्या पहिल्या 'फिफा'चे यश निराळ्या जातीचे होते. तिरक्या कोनातून दिसणारे मैदान, प्रेक्षकांचा गलबला, दूरदर्शनवरील प्रक्षेपणाचा थाट. सामना पाहिल्याचा अनुभव त्याने हुबेहूब उतरविला. प्रत्यक्ष खेळण्याची हकीकत मात्र अशी की प्रतिपक्षाचा गोलरक्षक चेंडू लाथाडण्याच्या बेतात असता त्याच्या पुढ्यात नुसते उभे राहिले तरी चेंडू अंगावर आपटून जाळ्यात जाई, आणि कार्ड दाखवावयास धावत येणाऱ्या पंचापासून मैदानभर पळत सुटण्याची सोय होती. पाहण्याचा खरेपणा आणि खेळण्याचा खरेपणा या दोन वेगळ्या वस्तू आहेत याचा इतका खेळकर पुरावा पुन्हा मिळावयाचा नाही.

कोनामीच्या शिंगो ताकात्सुका या निर्मात्याने पुढल्या दशकात या दुसऱ्या वस्तूचाच ध्यास घेतला. त्याच्या खेळात चेंडूला वजन आहे असे वाटे. तुमचा गडी कोणत्या पायाचा, अंग गोलकडे वळलेले आहे की पाठमोरे, मागून कोणी रेटतो आहे काय, या सगळ्याची रुजुवात होऊनच फटका कोठे जावयाचा ते ठरे; म्हणून सहाव्या आवृत्तीतील ब्राझीलच्या आद्रियानोचा डावा पाय हा प्रतिपक्षाला धडकी भरविणारा ऐवज ठरला, आणि त्याच आद्रियानोला उजव्या पायाने मारावयास भाग पाडणे ही बचावाची विद्या ठरली. याहून मार्मिक अशी एक सोय त्या खेळात होती. दोन बटणे एकदम दाबली की गड्याची चेंडूकडे आपोआप ओढले जाण्याची प्रवृत्ती थांबे, आणि त्याला हवे तेथे, चेंडूचा मार्ग सोडूनही, धावता येई. तिला 'सुपर कॅन्सल' म्हणत. नवशिक्याला तिचा पत्ताही नसे. पण खऱ्या मैदानावर खेळलेल्या माणसाला तिचे मोल तत्काळ कळे, कारण चेंडू आपल्याकडे येण्याची वाट न पाहता तो जेथे पडणार तेथे आधी पोचणे हेच तर फुटबॉल. 'किक ऑफ'ने चेंडू गड्यापासून सोडविला होता. येथे गडी चेंडूपासून सोडविला गेला.

आपल्याकडे हा प्रवास बराचसा वसतिगृहांतून झाला. उसनवार संगणक, नकलून आणलेली तबकडी, आणि एकाच कीबोर्डावर दाटीवाटीने बसलेले दोन प्रतिस्पर्धी. एकाकडे बाणांच्या कळा, दुसऱ्याकडे अक्षरांच्या. बाणांच्या कळांतून निघतात फक्त आठ दिशा, त्यामुळे पडद्यावरचे जगद्विख्यात खेळाडू बुद्धिबळातल्या वजिरासारखे सरळ किंवा तिरपे तेवढे जात. शिवाय स्वस्तातल्या कीबोर्डावर तीन-चार कळा एकदम दाबल्या तर त्यांतील एखादी यंत्रापर्यंत पोचतच नसे. तेव्हा त्या खोल्यांतून उठणारी "मी दाबलं होतं" ही फिर्याद पुष्कळदा अक्षरशः खरी असे, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. 2009 सालच्या 'फिफा 10'ने कंट्रोलरच्या काठीवरून कोणत्याही कोनात वळण्याची मोकळीक दिली. 2011 सालच्या आवृत्तीने बचावात बटण दाबून धरले की गडी आपोआप चेंडूवर धावून जाण्याची जुनी सवलत काढून घेऊन अंतर राखण्याची आणि योग्य क्षणी पाय घालण्याची जबाबदारी खेळणाऱ्यावर टाकली. आणि 2012 सालच्या आवृत्तीने उंचावरून येणारा चेंडू पहिल्या स्पर्शात निसटू शकतो हे मान्य केले. या तिन्ही सुधारणांनी माणसाला चुकण्याच्या नव्या जागा दिल्या, आणि 'फिफा' खरी वाटू लागली ती याच काळात.

यापुढचा प्रश्न शरीराचा, आणि तो सर्वांत बिकट आहे. पडद्यावरचे खेळाडू खऱ्या माणसांसारखे हलावेत म्हणून खऱ्या माणसांच्या हालचाली टिपून घेण्याची पद्धत जुनीच होती; 'फिफा 22'च्या वेळी बावीस व्यावसायिक खेळाडूंना हालचाल नोंदविणारे पोशाख चढवून सबंध सामना खेळविण्यात आला, आणि त्यातून मिळालेल्या सुमारे 87 लक्ष चौकटींवर यंत्राला शिक्षण दिल्याचे कंपनीने सांगितले. आता यात अडचण कोणती? अडचण अशी की खरे शरीर जड असते. भरधाव धावणाऱ्या माणसाला मागे वळावयाचे तर पाऊल रोवावे लागते, कंबर खाली घ्यावी लागते, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यावे लागते. आणि पडद्यावर हे सारे इमानाने दाखवावयाचे तर अंगठ्याने दिलेला हुकूम आणि त्याची तामिली यांच्यामध्ये तेवढा काळ जाऊ द्यावा लागतो. तो काळ खऱ्या खेळाडूच्याही वाट्याला येतोच, पण त्याला तो खुपत नाही, कारण आपले वजन या घटकेला कोणत्या पायावर आहे याची वर्दी त्याच्या स्नायूंनी त्याला आधीच दिलेली असते आणि जे शक्य नाही ते तो मनातसुद्धा आणीत नाही. अंगठ्याला अशी वर्दी मिळत नाही. गादीवर बसलेल्या माणसाला डोळ्यांनी जे दिसेल तेवढ्यावरून समोरच्या शरीराचा अंदाज बांधावयाचा असतो, त्यामुळे शरीर जितके खरे तितके ते त्याला परके, हट्टी, चिखलात रुतल्यासारखे वाटू लागते. हालचालीचा खरेपणा आणि ताब्याचा खरेपणा असे एकमेकांच्या मुळावर उठलेले आहेत. यातून कोणाचीच पूर्ण सुटका झालेली नाही. जो तो आपल्या मगदुराप्रमाणे निसर्गाशी थोडी बेइमानी करतो, पाऊल रोवण्याचा काळ चोरतो, आणि ती चोरी उघडकीला येणार नाही अशी खबरदारी घेतो. 2011 साली 'फिफा'मध्ये शरीरांची टक्कर बलाबलाच्या गणिताने घडवून आणण्याचा धाडसी प्रयोग झाला, तेव्हा पडलेले खेळाडू एकमेकांच्या अंगात अशा काही चमत्कारिक रीतीने गुंतत की प्रेमालिंगनाचा भास व्हावा. त्या चित्रफिती लोकांनी फार चवीने पाहिल्या.

पण एका शरीराची ही कथा. मैदानावर असतात बावीस. व्यावसायिक सामन्यात एखादा खेळाडू साधारण दहा किलोमीटर धावतो, आणि नव्वद मिनिटांत चेंडू प्रत्यक्ष त्याच्या पायाशी असतो तो दोन-तीन मिनिटांपलीकडे क्वचितच. उरलेला सारा वेळ जागा धरण्यात, सोडण्यात, हूल देण्यात आणि वाट पाहण्यात जातो. व्हिडिओ गेममध्ये या वेळेचा लोपच झालेला असतो. खेळणारा हा एका देहातून दुसऱ्या देहात उडी घेणारा जीवात्मा, जेथे चेंडू तेथे तो, आणि बाकीचे दहा देह यंत्राच्या स्वाधीन. त्यांनी शहाणपणाने धावावे तर श्रेय यंत्राला जाते, मूर्खासारखे उभे राहावे तर राग अनावर होतो. 1997 साली नामको कंपनीने 'लिबेरो ग्रांदे'मध्ये एकच गडी तुमच्या हाती देऊन ही उणीव भरून काढू पाहिली, आणि पुढे इंटरनेटवरून एकेका माणसाने एकेक गडी खेळावा अशी व्यवस्था 'फिफा'ने केली, ती 2010 पर्यंत गोलरक्षकासह पुऱ्या अकरांपर्यंत पोचली. त्यात काय दिसते? सगळे चेंडूमागे. कोणी आपली जागा राखावयास राजी नाही. शाळेच्या मधल्या सुटीत जे दिसते तेच. म्हणजे एका परीने याहून खरे काही नाही.

अगदी वेगळ्या वाटेने गेला तो 1992 साली पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्रज बंधूंनी काढलेला 'चँपियनशिप मॅनेजर' व त्याचा वंशज 'फुटबॉल मॅनेजर'. येथे चेंडूला कोणी हात, अथवा पाय, लावावयाचाच नाही. संघ निवडावा, डावपेच सांगावे आणि बाजूच्या बाकावर बसावे. कितीतरी वर्षे सामना म्हणजे पडद्यावर उमटणारी समालोचनाची ओळ एवढेच होते, आणि तरी त्या एका ओळीची वाट पाहताना लोकांची छाती धडधडे. ज्याने हुकूमच सोडलेला नाही त्याला "मी दाबलं होतं" म्हणता येत नाही, ही या खेळाची खरी खुबी.

काळ आणि कायदा यांविषयी थोडक्यात. 'फिफा'मध्ये शिरस्त्याप्रमाणे अर्धा डाव सहा मिनिटांचा, आणि त्या बारा मिनिटांत नव्वद मिनिटांची आतषबाजी कोंबावयाची असल्यामुळे चेंडू सतत एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत फेऱ्या घालतो. मधल्या पट्ट्यातले रवंथ, कंटाळ्यातून अकस्मात उगवणारा गोल, यांना तेथे जागा नाही. हाताला चेंडू लागल्याचा गुन्हा तर बंद ठेवण्याचीच सोय आहे, कारण यंत्राने हलविलेल्या हाताबद्दल माणसाला शिक्षा झाली तर तो ती सोसणार नाही.

अन्यायाची ही भावना पुढे एका विलक्षण संशयाला जन्म देती झाली. हरणाऱ्याला वर काढण्यासाठी यंत्र गुपचूप पारडे झुकविते, शेवटच्या मिनिटाला जिंकणाऱ्याचे पाय मुद्दाम जड करते, असे हजारो खेळणारे शपथेवर सांगतात. 2020 साली कॅलिफोर्नियात याबद्दल दावाही गुदरण्यात आला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने आरोप साफ नाकारला आणि पुढल्या वर्षी वादींनी तो मागे घेतला. दावा निकालात निघाला, संशय निघाला नाही. खऱ्या मैदानावर हरणारा पंचाला, पावसाला, दैवाला दोष देऊन घरी जातो. येथे दैवाचे दफ्तर एका कंपनीच्या कपाटात आहे, तेव्हा तिच्यावर बालंट यावे हे क्रमप्राप्तच होते.

'फिफा 22'मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि मुंबई सिटी व एफसी गोवा हे आपले संघ त्या पडद्यावर उतरले. गणवेश ओळखीचे, नावे ओळखीची, पाहून मन प्रसन्न झाले. परंतु प्रत्येक खेळाडूचा जो आकड्यांचा सातबारा यंत्राच्या दप्तरी असतो, त्यावर धाव इतकी, नेम इतका, दम इतका अशा नोंदी असतात, आणि आमच्या मंडळींच्या नोंदी युरोपातील खातेदारांपेक्षा बऱ्याच खालच्या. परिणामी गोव्याचा संघ माद्रिदच्याच संघासारखा, फक्त जरा मंद आणि जरा चुकार, असा खेळतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहिलेल्या माणसाला ठाऊक असते की दुबळा संघ हा बलाढ्य संघाची फिकी प्रत नसतो. त्याचा खेळच वेगळा असतो, अंगावर येणारा, वेळकाढू, कधी अडाणी, कधी अफलातून. हे वेगळेपण कोणत्या रकान्यात भरावे, ते अद्याप कोणाला साधलेले दिसत नाही.

बाजाराचा ओढा तर उलट दिशेला. 2009 साली पत्ते विकत घेऊन संघ उभा करण्याची 'अल्टिमेट टीम' ही व्यवस्था निघाली आणि खेळ हा परक्या माणसाशी घडोघडी लढावयाचा मामला झाला. अशा लढतीत पाय रोवण्याचा काळ कोणाला परवडणार? खेळणाऱ्यांनी हुकुमाची झटपट तामिली मागितली, वेगवान आघाडीवाले मागितले, आणि कंपनीने ते पुरविले. खरेपणाचे आग्रही लोक कुरकुरत राहिले. अखेर फिफाचे नाव गळून 'ईए स्पोर्ट्स एफसी' झालेल्या याच मालिकेने 2025 सालच्या आवृत्तीत चक्क वाटणीच करून टाकली: चुरशीच्या लढतीसाठी एक प्रकार आणि अस्सल फुटबॉलसाठी दुसरा, दोहोंचे चलनवलन वेगळे. दोन भावांचे पटत नाही म्हणून घरात मध्ये भिंत घालावी, त्यातलाच हा प्रकार; पण इतक्या वर्षांच्या मखलाशीनंतर आलेला हा कबुलीजबाब मला प्रांजळ वाटला.

भाच्याला मी आग्रहाने त्या दुसऱ्या प्रकारात एक सामना खेळावयास लावला. गडी जड, पास धिमे, बचाव दाट. बराच वेळ काहीच घडेना आणि तो जांभया देऊ लागला. उत्तरार्धात एकदा उजव्या बगलेवर मोकळी जागा दिसली असता त्याने एक स्पर्श अधिक घेतला, चेंडू हातभर पुढे गेला, आणि प्रतिपक्षाच्या बचावपटूने तो शांतपणे काढून घेतला. तो काही बोलला नाही. सामना शून्य-शून्य सुटला. "पास आधीच द्यायला हवा होता," असे जेवताना, आमटी वाढून घेता घेता, कोणी विचारले नसता तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीतून गादीवर कंट्रोलर आपटल्याचा आवाज आला, त्यावरून तो पुन्हा पहिल्या प्रकाराकडे वळला होता हे मला उठून न पाहताच समजले.